शेवंताची मातीची गल्ली

मालू,

तुझ्या खोलीचं कुलूप काढायला आज गेले आणि आधी मला तुझा रागच आला. आत पाऊल टाकायला जागा नाही. कोपऱ्यात मातीचा हौद, त्यावर ओलं पोतं, खिडकीत अर्धवट मडकी, फरशीवर वाळलेल्या चिखलाचे पोपडे, आणि मध्येच माझी पीठ चाळायची चाळणी, जी मी दिवाळीपासून शोधत होते. किती वेळा सांगितलं तुला, काम झालं की जागा पुसून घेत जा. आता सांगू कोणाला? मी पोत्यावर पाणी शिंपडलं, फरशी पुसली, चाळणी धुऊन उन्हात ठेवली आणि मग खाली बसून रडले. याच क्रमाने. तू असतीस तर हसली असतीस.

लोक भेटायला येतात. मालतीबाई फार शांत स्वभावाच्या होत्या, म्हणतात. मी मान डोलावते. भर बैठकीत टेबलावर चिखलाचा गोळा आपटून "हातात घेऊन बघा तरी एकदा" असं ज्या बाईने सगळ्या मंडळींना सुनावलं, ती शांत! पण गेलेल्या माणसाबद्दल वाद घालत नाहीत, म्हणून गप्प बसते. छापायला चार ओळी द्या, असंही कोणी म्हणालं. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा. मला जे लिहायचं ते मी मालूलाच लिहीन.

दवाखान्यात मी शेवटची आले तेव्हा तुझा ताप उतरलेला वाटत होता. मला बरं वाटलं होतं. मी संत्र्याची फोड सोलून तुझ्या तोंडात घातली आणि तू ती गिळायच्या आधीच विचारलंस, "शेवंता गेली का घरी?" मी म्हटलं, नाही गेली. तू डोळे मिटलेस. "घाई नको करू, गोदाक्का," म्हणालीस. एवढंच. दुसरं काही विचारलं नाहीस, माझं काय होईल म्हणाली नाहीस. मी त्यावर तुला काहीतरी फटकन बोलणार होते, नर्स आली म्हणून राहिलं. ते आता राहिलंच.

शेवंता घरी जाते की नाही, यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण ऐक.

वर्ध्याच्या वेशीवरचं आपलं मुलींचं वसतिगृह. मी तिथली गृहमाता, म्हणजे प्रार्थनेची घंटा, सफाई, सूतकताई, दोन वेळचं जेवण आणि उवा, हे सगळं माझ्याकडे. तू आलीस चित्रकला शिकवायला. पहिल्याच महिन्यात रंगांच्या पेट्या कपाटात टाकल्यास आणि धाम नदीच्या काठची माती गाडीभर आणवलीस. वर मातीत कालवायला घोड्याची लीद पाहिजे म्हणून स्टेशनवरच्या टांगेवाल्याला गाठलंस. खादीच्या पांढऱ्या पातळातली बाई लीद मागते आहे हे बघून त्या बिचाऱ्याने तुला हात जोडले होते. मी तुला तेव्हा म्हटलं होतं, "मालू, मुलींच्या आया मले फाडून खातीन." तू म्हणालीस, "खाऊ दे. आधी हात धुवाले सांगजो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेवंता आली. आष्टी तालुक्यातलं, तळेगावच्या बाजाराला येणारं एक खेडं. तिथली वस्तीवरची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढायला नाही म्हणाली. गावाला ते सोसलं नाही. एका रात्री वस्ती पेटवून दिली. जीव कोणाचा गेला नाही, एवढंच म्हणायचं. शेवंता तेव्हा चौदा-पंधराची असेल. आईने तिला आणि धाकट्या भावाला नाल्यात लपवलं होतं, आणि भावाचं तोंड दाबून धरायचं काम तिच्याकडे होतं. नाल्यातून तिने सगळं पाहिलं. पेटवणारे कोणी परके नव्हते. त्यांच्या शेतात ती निंदायला, तण काढायला, जायची.

तिच्या बापाने, पुंडलिकने, तिला आपल्याकडे आणून सोडलं. शिकेल आणि विसरेल, असं त्याला वाटलं. ती काही विसरली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने एका मुलीला विहिरीपाशी इतकं बदडलं की मला मध्ये पडून माझंच मनगट मुरगळून घ्यावं लागलं. कारण विचारलं तर म्हणे, ती माझ्या मागून आली. मागून आलेलं माणूस तिला चालत नसे. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातली चूल पेटली की ही जागेवर नसायची. दूर तुरीच्या शेताकडे तोंड करून उभी राहायची. तुझ्या ते लक्षात आलं नव्हतं, मालू. तू संध्याकाळी आपल्या खोलीत मातीत बुडालेली असायचीस. चूल माझी, म्हणून मला दिसलं.

सुट्टी लागली की पुंडलिक न्यायला यायचा. जळालेल्या जागेवरच त्याने पुन्हा घर उभं केलं होतं. हातातला रुमाल चाचपत मला सांगायचा, "घर बांधलं म्या पुन्ना, बाई. टिनं टाकले. तिची माय वाट पायते. पन हे पोरगी येतच नाई." शेवंता खांबाला धरून उभी. मी समजावलं, रागावले, एकदा हात धरून ओढलंसुद्धा. खांब सुटेना. बाप दशम्यांचं गाठोडं तिच्यापाशी ठेवून एकटा परत जायचा.

मोटारीवरून उतरलं की आधी त्याचं घर लागतं, असं तिने तुला एकदा सांगितलं. त्याचं म्हणजे कोणाचं, हे तेव्हा तिने सांगितलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. या मुलींना घड्याळ हवं. वेळेवर उठणं, प्रार्थना, टकळी, कामाचा शीण, गाढ झोप. मन आपोआप ताळ्यावर येतं. माझं स्वतःचं तसंच आलं होतं, पांढऱ्या कपाळाने इथे आले तेव्हा. तू म्हणायचीस, "टकळी फिरवून राह्यली ना ती, तवाही तिच्या डोयापुढं तेच असते, गोदाक्का. हात सुताले गुंतले, बाकीची ती तिथंच नाल्यात हाय." आणि तुझी माती काय करणार होती? तर ती फोडता येते, तू म्हणालीस. तिच्या हातात तू रोज एक कच्चं मडकं द्यायचीस आणि ती ते भिंतीवर आपटायची. मग तीच माती भिजवून, मळून पुन्हा मडकं. मला हे काही पटत नव्हतं. आजही पूर्ण पटलं आहे असं समजू नकोस. भिंत कोणी धुतली ते विचार.

पण मी तुळशीचं पाहिलं होतं, म्हणून गप्प बसले. नवऱ्याच्या माराने माहेरी आलेली आणि माहेराने आपल्या दारात आणून सोडलेली ती पंधरा वर्षांची मुलगी. विचारलेल्या प्रश्नाला हो-नाहीच्या पुढे उत्तर देत नसे. तू तिला जात्यावर बसवलंस आणि म्हणालीस, जुनी गाणी नको म्हणू, तुझं तू जोड. तिसऱ्या दिवशी मी ज्वारी घ्यायला गेले तर जात्याच्या घरघरीत तुळशी स्वतःच्या ओव्या म्हणत होती. त्यात नवऱ्याचं नाव होतं आणि नावाला जे काही जोडलं होतं ते मला इथे लिहिता यायचं नाही. प्रार्थनेला जाणाऱ्या मुली दारात थांबून तोंडात पदर कोंबून हसत होत्या, तुळशीही हसत होती आणि दळत होती. त्या दिवशीचं पीठ फार बारीक आलं.

मग पोळा आला.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत काढतात. फांद्यांची, कागदाची, चिखलाची बाहुली करायची, गावातली इडापिडा तिच्या डोक्यावर घालायची, "घेऊन जाय गे मारबत" म्हणून ओरडत तिला शिवेबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. तुझ्या डोक्यात आलं, प्रत्येक मुलीने आपापली मारबत करावी. जे जायला हवं असेल ते तिच्यात घालावं. मला सांगताना तुझे डोळे असे चमकत होते की मी नाही म्हटलं ते तुला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं होतं, मालू, जाळायचं नको. तू म्हणालीस, "जाळल्याबिगर मारबत जाईन कशी?" हे मी आज जिंकायला म्हणून लिहीत नाही. पण मी म्हटलं होतं.

मुलींनी आठवडाभर अंगण डोक्यावर घेतलं. कोणी गणिताची मारबत केली, कोणी सावत्र आईची. एका मारबतीला अंबाडा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. ती कोण, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तूही तोंड फिरवून हसलीस, दिसलं मला.

शेवंता आधी दूर बसून होती. मग तुझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, आमी हे मानत नाई आता. बापानं प्रतिज्ञा घेतल्या." तू मातीने भरलेले हात झटकत म्हणालीस, "अवं, हे देवाधर्माचं नाई. खेळ हाय." तुझ्या दृष्टीने तो खेळ होता. जिच्या बापाने देव नदीत सोडले आणि त्यापायी घर गमावलं, तिच्यासाठी तो खेळ नव्हता. तुझ्यासारख्या बाईच्या हे ध्यानात येऊ नये याचं मला अजून नवल वाटतं. तुला मुलींचे हात वाचता यायचे, पण तुझ्या मनात एकदा काही आलं की कान बंद.

तरी ती कामाला लागली. कदाचित तुझा मान ठेवायला. इतर मुलींच्या बाहुल्या वीतभर, हिची हातभर उंच. पुरुष केला तिने. पागोटं, जाड मिशा, एक खांदा जरा वर, काखेत घोंगडी. चार दिवस ती कोणाशी भांडली नाही, कोणाला मारलं नाही. तू मला ओढत नेलंस दाखवायला. "बघ, सारं बाहेर काढलं पोरीनं." मी बघितलं. तो मनुष्य माझ्या हिंगणघाटच्या भावासारखा दिसत होता. तेच पागोटं, तशीच घोंगडी. आमच्या घरच्या कुठल्याही लग्नात पंगतीला बसलेला असावा असा. हे मी तुला कधी बोलले नाही. आज बोलते.

त्या सकाळी कुंपणाबाहेर मारबतींचा ढीग झाला. मुली ओरडत होत्या. तू काडी ओढलीस. वाळक्या पळसाच्या फांद्या भडकन पेटल्या, आणि शेवंता धावत त्या जाळात शिरली. मी तिच्या झिंज्या धरल्या, तू कमरेला मिठी मारलीस, तोवर तिने आपला मातीचा माणूस ओढून काढला होता. उजवा तळहात भाजला. तिला त्याची शुद्ध नव्हती. त्या माणसाला पोटाशी धरून ती तुझ्याकडे बघत म्हणाली, "मानसाले पेटवतेत का, बाई?"

मग ती हळू म्हणाली, "रुखमीचा बाप हाय तो. रुखमी माही मैतरीन हाय."

तेव्हा आपल्याला कळलं. मोटारीवरून उतरलं की आधी ज्याचं घर लागतं तो हा. त्याची मुलगी रुखमी हिच्याबरोबर निंदायला बसायची. एका कोरड्यासाच्या वाटीत दोघी भाकर बुडवत, लपून. आणि त्या रात्री हातात टेंभा घेतलेला पहिला माणूस तोच होता.

मी तिच्या हाताला कोरफडीचा गर लावला. तू भिंतीला टेकून बसली होतीस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. खोलीला कुलूप घालून किल्ली माझ्यापुढे ठेवलीस. मी ती तुझ्या पदराला बांधून टाकली आणि म्हटलं, "उद्याचा तास घेजो. उगा नाटकं नको करू." त्याहून बरं काही मला सुचलं नव्हतं.

बातमी गावी पोचायला वेळ लागत नाही. पुंडलिक आला तो रागातच. एरवी बाई-बाई करणारा माणूस, अंगणातूनच ओरडला, "आमी देव सोडले, घर जळू देलं, अन् तुमी माह्या पोरीले मारबत कराले लावता? चाल शेवंता घरी. नाई शिकाचं इथं." शेवंताने भाजलेल्या हातानेच खांब धरला. आता हा तिला फरफटत नेतो की काय, असं मला वाटलं. नेलं असतं तर मी अडवू शकले नसते. बाप होता.

तू बाहेर आलीस. मला वाटलं आता तू त्याला कला समजावून सांगणार. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माहं चुकलं, पुंडलिकभाऊ. तिनं मले सांगितलं होतं, म्या ऐकलं नाई." पुढे काही नाही. कारण नाही, सारवासारव नाही. त्या माणसाला उभ्या जन्मात पांढऱ्या पातळातल्या बाईने चुकलं म्हटलेलं नसावं. तो गोंधळला. रुमालाने तोंड पुसत खाली बसला. मी पाणी आणून दिलं.

मग तू शेवंताला विचारलंस, या माणसाचं काय करायचं. फोडायचा, ठेवायचा, बापाबरोबर द्यायचा? ती म्हणाली, "त्याले राहू द्या बाजूले. मले आमची गल्ली कराची हाय. जळाच्या आधीची."

तिथेच अंगणात एक फळी टाकून ती बसली. डाव्या हाताने मातीच्या भिंती उभ्या करू लागली. पहिलं घर, त्याला लागून दुसरं. बाप दुरून बघत होता. जायची वेळ झाली तरी बसून होता. मग सरकत जवळ आला. "सखारामचं घर असं नोयतं, जरा माघं होतं," म्हणाला. तिने ते मागे घेतलं. "अन् आपल्यापुढं दगड होता. मी बसो त्याच्यावर." तिने मातीचा गोळा त्याच्यापुढे सरकवला. पुंडलिकने तो हातात घेतला, अंगठ्याने चपटा केला, आणि आपल्या जळालेल्या घरापुढे तो दगड ठेवला. ठेवला आणि मग त्याला जे रडू आलं, मालू, तू आणि मी दोघी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिलो. त्या वस्तीला तोवर कोणी रडायला फुरसत दिली नव्हती. पंचनामा झाला, टिनं आली, धान्य आलं. काय होतं तिथे, असं कोणी विचारलं नव्हतं.

तो एकटाच परत गेला. पण जाताना म्हणाला, "राहू द्या तिले. गल्ली पुरी होऊ द्या."

त्यानंतर ती मुलगी माणसात आली. हे श्रेय तुझं आहे, आणि मी ते जिवंतपणी तुला नीट दिलं नाही, कारण दिलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस. ती मुलींना मारायची थांबली. आठवी पास झाली, नववी पास झाली. दुसऱ्यांच्या घागरी उचलू लागली. फळीवर गल्ली वाढत गेली. शेळ्या आल्या, बाभूळ आली, ओट्यावर दळणारी बाई आली. दर सुट्टीत पुंडलिक यायचा, गल्लीत एखादी गोष्ट दुरुस्त करायचा आणि परत जायचा. ती घरी मात्र गेली नाही.

तो मातीचा माणूस वेगळ्या फळीवर उभा होता, खांद्यावर काळा डाग घेऊन. एकदा तू तिला सहज विचारलंस, याचं घर कुठाय? ती म्हणाली, "त्याचं घर मी नाई करत." तू "बरं" म्हणालीस. मी म्हटलं, अगं, लाव जरा जोर, एवढं केलं की सुटेल ती. आपलं यावरून कितीदा वाजलं. मला वाटायचं, तू तिला कुशीत घालून बसली आहेस. मुलीला आई आहे, भाऊ आहे, टिनाचं का होईना घर आहे, आणि आपण तिला मातीच्या घरात ठेवून घेतलं आहे. कुठवर? तुझं म्हणणं, पाय तिचे आहेत, ती टाकेल तेव्हा टाकेल. हा वाद आपला मिटला नाही. गल्ली भट्टीत भाजायची की कच्चीच ठेवायची, तोही मिटला नाही. तू म्हणायचीस, भाजली नाही तर एका पावसाळ्यात ढेकूळ होईल. मी म्हणायचे, एकदा जळालेली गल्ली पुन्हा आगीत घालू नको. दोघी शेवंताकडे बघायचो, आणि ती म्हणायची, पाहू.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. निवडत कसली, नुसती हात फिरवत होते. शेवंता समोर येऊन उभी राहिली.

"आक्का, मले घरी जाचं हाय."

मी सूप खाली ठेवलं. "आता? काऊन?"

"बाईनं इचारलं होतं, त्याचं घर कुठाय म्हनून. ते मले कराता नाई येत. रुखमीले येईन. तिचं घर हाय ते. तिनंच करावं."

खोलीला कुलूप लागायच्या आधीच तिने तुझ्या हौदातून माती काढून ओल्या फडक्यात बांधलेली होती. मी म्हटलं, मी येते सोबत. एकटी कशी जाशील, त्या घरावरून, त्या लोकांतून. ती म्हणाली, "नका येऊ. तुमी आल्या तं ते मले काई म्हननार नाईत. मंग मले समजन कसं?"

मी तिला मोटारीत बसवून दिलं. परत येताना रस्त्यात थांबले आणि तुला शिव्या दिल्या. आठ दिवस आणखी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, आणि तू ते नाही घेऊन गेलीस. मला माहीत आहे, तू काही दुःखी होऊन गेली नाहीस. घाई नको करू म्हणाली होतीस. पण मला तुझं तोंड बघायचं होतं, गेली म्हणून सांगताना.

चार रात्री मला झोप आली नाही. काल ती परत आली. काय झालं, काय झालं म्हणून मुलींनी गराडा घातला. झालेलं फार काही नाही, मालू. मोटारीवरून उतरली, त्या घरावरून चालत गेली. कोणी काही बोललं नाही. आईने मिठी मारली, भाऊ हिच्याएवढा झाला आहे. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या काठी रुखमी आली. मग हिने फडकं सोडलं. रुखमीला तिच्या आईने हाका मारल्या, रुखमी उठली नाही. पुढे तिचा बापही तिकडून आला, हातात बैलाची दोरी. उभा राहिला, दोघींच्या हातांतलं बघितलं.

"काही बोलला?" मी विचारलं.

"नाई. बैल घेऊन गेला."

"आणि तू भ्यालीस?"

"भ्याली ना. पन हात थांबले नाई."

मग तिने कापडातून घर काढलं. ओबडधोबड, एक भिंत कललेली, रुखमीने जन्मात पहिल्यांदा केलेलं. मी ते हातावर घेतलं. शेवंताच्या आईला भेटायला आपण दोघी एकदा त्या गावी गेलो होतो, आठवतं? मी तेव्हाच पाहिलं होतं, रुखमीच्या घराच्या ओळीतल्या सगळ्या घरांची पाठ वस्तीकडे आहे. एकाही घराला त्या बाजूने खिडकी नाही. या घराला मात्र मागच्या भिंतीत दार होतं, वस्तीकडे उघडणारं.

मी शेवंताला म्हटलं, "अगं, हे चुकलं. त्या घराले इकडून दार नाई."

"म्याबी तेच म्हटलं तिले," शेवंता म्हणाली. "तं रुखमी म्हने, नाई हाय, मले मालूम हाय. तू ठेव तसंच."

आम्ही ते घर फळीवर ठेवलं, गल्लीच्या समोर. भिंत कलली आहे म्हणून खाली एक खापरी लावली आहे. वाळायला चार दिवस लागतील, शेवंता म्हणते आहे, मग रुखमीला बघायला बोलवायचं.